सुट्या फळीवरून पडल्यानंतर

“मणक्याला बर्स्ट फ्रॅक्चर आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे मणका नुसता तडकला नव्हता, फुटला होता आणि त्याचा एक तुकडा मज्जारज्जूवर दाबत होता. मी विचारलं, “हे चालतील का?”

“आत्ता पाय हलत नाहीत. ऑपरेशननंतर बघू.”

माझे यजमान बिरवाडीजवळच्या कारखान्यांत गिलाव्याचं काम करायचे. उंचावर उभं राहून काम करायची परांची लाकडी, सगळं सुंभाने बांधलेलं. गणपतीत काम बंद होतं. टोळी आमच्याच वाडीची, म्हणून परांचीच्या फळ्या सोडून मांडवाला आणल्या. विसर्जनानंतर परत नेऊन टाकल्या, बांधल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हे पहिले चढले. टोकावर पाय पडताच फळी पलटली.

त्यात घाबरलेल्या माणसांनी त्यांना काखेत धरून टेम्पोत बसवलं. हे कधीही करू नका. पडलेल्याला हलवावंच लागलं, तर मान-पाठ सरळ धरून सपाट फळीवर घ्या.

त्याच टोळीतला माझा चुलत दीर दिनू आयसीयूबाहेर बसून होता. “वहिनी, फळ्या मी संध्याकाळी बांधणार होतो.”

“चहा घे,” मी म्हटलं, “आणि रक्त द्यायला माणसं आण.”

मणक्यात सळ्या-स्क्रू बसवले. पाठीला बेडसोअर, म्हणजे झोपून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून मी आणि दिनूने कूस बदलायच्या पाळ्या लावल्या. रोज सकाळी डॉक्टर यांच्या तळव्यावर पेनाचं टोक ओढत.

“कळतंय?”

“नाय.”

एकदा हे म्हणाले, “माझ्या बायकोला करून बघा. ती पण हसत नाय.” सिस्टर हसल्या. मी डबा पुसत राहिले.

पुढच्या आठवड्यात उजव्या पायाचा अंगठा हलला. डॉक्टर म्हणाले, “परत करा.” परत हलला. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले.

डावा पाय अजून ओढतो. चढणं संपलं. आता ते कामावर काठी टेकत परांचीखाली उभे राहतात. फळी दोन्ही टोकांना बांधल्याचं वरून कोणी सांगितल्याशिवाय दुसऱ्या माणसाला चढू देत नाहीत.

“दादा, नऊ वाजले,” दिनू कुरकुरतो.

“वाजू देत.”

तुमच्या घरचं कोणी परांचीवर जात असेल, तर फळ्या कोणी बांधल्या ते रोज विचारा. चिडतील, तरी विचारा.

घरी आल्यावर डावी चप्पल त्यांना वाकून हाताने काढावी लागते. मी पुढे झाले की म्हणतात, “ऱ्हाऊ दे गो. पाय माझा हाय.”