राखंची पाटी

मालक पलटणीत गेलं तवा पदराला तान्हं पोर, आन् रानात नुकताच उगवल्याला कापूस. जाताना एवढंच म्हनलं, कापूस सांबाळ. मी दुसरी शिकल्याली, मला त्यातलं काय कळतंय?

रोपं वीतभर झाली आन् मावा पडला. पान उलटून बघितलं तर खाली बारीक किडं गच्च बसल्यालं, बोटाला चिकाट लागायचं, पानं वाटीवानी वळाय लागल्याली. आत्याबाई, माजी सासू, अंथरुनाला खिळल्याल्या, त्या पडल्या पडल्या म्हनल्या, राख टाक, सकाळी पानं वली हायत तवर, फडक्यात बांधून झटक, खालच्या अंगानं बी.

राख आनायची कुठनं? चुलीत हात घातला तर मूठभर निघाली. भाकरीसाटी आमची चूल सकाळची एकदाच पेटायची, जुंधळा कणगीच्या तळाला गेल्याला. पर ते कुनाला ठावं न्हवतं. सांजंला मी चुलीत नुसता वाळला पाला पेटवायची, कौलातनं धूर निघायचा, आळीला वाटायचं सून भाकऱ्या थापतीया.

शेवटी पोर काखंला मारलं, पाटी घेतली आन् शेजारच्या काकीकडं गेले. वट्यावर आनि दोघी-तिघी बसल्याल्या. कापसाला जरा राख द्या म्हनलं. काकीनं रिकाम्या पाटीकडं बघितलं, मग माज्याकडं.

"सांजंला धूर तर लय निघतुया तुज्या घरातनं. मंग तुजी राख कुठं जातीया गं?"

बाया हसल्या. एक म्हनली, चांदीची भांडी घासत आसंल. मला वाटलं भुईनं पोटात घ्यावं. तेवढ्यात पोर पदरात तोंड खुपसून रडाय लागलं, दूध कुठं हुतं त्येला. ते ऐकून काकीचं हसू गेलं. उठली, पाटी शिगोशीग भरली, माज्या डोक्यावर देताना कानाशी हळूच म्हनली, "रोज ये. पर सांजंला ये, आमी जेवाय बसतो तवा."

मी रोज गेले. मान खाली घालून भाकरी गिळायची, आत्याबाईंच्या वाटणीची भाकरी काकी फडक्यात बांधून द्यायची, ती आन् राख घिऊन यायची, तांबडं फुटलं की रानात वाकून पानापानाखाली झटकायची. कापसानं जीव धरला, नवी पानं सपाट फुटली. पर काकीचा वटा चढताना पाय जड व्हायचा त्यो व्हायचाच. सांजंला पाला पेटवायचं मातुर सोडलं. आळीत ठावं न्हाई आसं कोन राहिलंच न्हवतं.