काठी पडली

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, प्रवरेकाठच्या बेलापुरात होते, एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला. माहेरी म्हटलं की तुम्हाला वाटेल, आईच्या हातचं खायचं आणि लोळायचं. पण बाळंतिणीची खोली जिनं सोसलीय तिला विचारा. एकच खिडकी, तिच्यात आईनं पोत्याचे बोळे कोंबलेले. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, कानाला फडकं घट्ट बांधलेलं. मोठ्यानं बोलायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही. पुरुष माणसानं तर उंबऱ्याच्या आत यायचंच नाही. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, नात बघायची म्हणजे आईनं ती बाहेर न्यायची.

आणि नेमका तेव्हाच माझा धाकटा भाऊ उंच उडीसाठी पार उत्तरेत गेलेला. देशोदेशीच्या ज्युनियर मुलांची स्पर्धा होती आणि आपल्या देशाकडून हा.

त्याची उडी मीच वाढवली म्हणा ना. लग्नाआधी परसात दोन बाभळीचे डांब रोवून त्यांना खिळे ठोकलेले, त्यांवर बांबूची काठी. तो उडी मारायचा, काठी पाडायचा. मी उचलून परत ठेवायचे. पडायला आधी कडबा पसरायचा. पाऊस रुसला तसे दादा ओरडले, "जनावराच्या तोंडचा कडबा तुज्या पाठीखाली? उचल!" मग आम्ही प्रवरेतली वाळू वाहून आणली.

दादांना या उड्या कधी पटल्याच नाहीत. निघताना ते त्याला म्हणाले, "लई झालं हे. काठी पाडून आलास, तर पुन्ना उडीचं नाव काढायचं न्हाई. साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर चिकटायचं. मी शब्द टाकून ठिवलाय." तो पाया पडला आणि निघाला. दादांना समजावणार तरी कसं? आमच्या जत्रेत पोरांच्या उड्या व्हायच्या, त्यात काठी एकाच उंचीवर. पाडली तो बाद, पाडली नाही तो जिंकला. दादांना उडी ठाऊक होती ती तेवढीच.

स्पर्धेच्या दिवशी चुलत्यांनी ओसरीवर रेडिओ लावला. माझ्या भिंतीच्या पलीकडंच! पण मला कानाच्या फडक्यातून नुसती घरघर. मी फडकं जरा वर सरकवलं की आई ते खाली ओढायची.

"आई, जरा ऐकू दे की गं."

"वारं शिरंल कानात. जलमभर डोकं धरून बसशील."

मग भिंतीला डोकं टेकवून पडले. घरघर, मधेच लोकांचा गलका, पुन्हा घरघर. आणि एकदम सगळं बंद. खटका फिरवल्यासारखं.

आई बाहेर जाऊन आली ती पदर डोळ्याला लावून. "संपलं गं. तिसऱ्या खेपंलाबी काठी पडली."

"आणि कितवा आला?"

"कितवा काय? काठी पडली म्हनतीय न्हवं का मी! भावजींनी रेडूच बंद केला. दादांच्या तोंडाकडं बघवंना म्हनले."

म्हणजे पाहा, रेडिओत 'डंडा गिर गया' ऐकलं आणि चुलत्यांनी दुःखानं खटका फिरवला. निकाल कुणी ऐकलाच नाही! मला हसावं का रडावं कळेना.

"आई, काठी सगळ्यांचीच पडते. वर वर नेत राहतात ती, पडेपर्यंत. पहिल्या नंबराचीसुद्धा शेवटी पडतेच. सांग जा दादांना."

आई गेली. बाहेर दादांचा आवाज, "पहिला आला त्याचीबी पडती? मग तो पहिला कसा? बाळंतवाताचं बोलतीया ती. शेक वाढव."

शेक वाढवला हो खरोखर! शेगडीत निखारे पडले, मी घामानं निथळतेय, आणि भिंतीपलीकडं दादा चुलत्यांना सांगतायत की उद्याच कारखान्यात जाऊन पक्कं करून येतो. उठून सांगावं तर उंबरा. ओरडावं तर कान, टाळू, दूध, सगळ्याची भीती घातलेली. ज्याची काठी मी इतकी वर्षं उचलली त्याचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं, नव्हे, कानांदेखत म्हणा, आणि मी बाजेवर. दादा गेले आणि पक्कं करून आले.

भाऊ घरी आला तो सकाळचा. दादा ओसरीवर बसलेले. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि पहिला माझ्या दाराशी आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"आक्का, चवथा आलो."

"कुठं पडली रे?" मी आतूनच विचारलं. आमचं बोलणं नेहमी असंच असायचं.

त्यानं हात वर केला. आमची चौकट काही फार उंच नव्हती, तरी दादांना वाकून यावं लागायचं. त्यानं चौकटीच्या वर भिंतीवर वीत टेकवली. "इथून गेलो. त्याच्या वरची पडली."

दादा उठून कधी जवळ आले ते त्याला कळलं नाही. ते त्या वितीकडं बघत राहिले. मग चौकटीला हात लावला, आपल्या टोपीला लावला.

"ह्याच्यावरनं? माणूस?"

"व्हय."

"आन् पहिला आला त्याची?"

"त्याचीबी पडली दादा. समद्यांच्या शेवटी."

आतून आई म्हणाली, "पोरगी सांगत हुती तवा म्हनं शेक वाढव!"

दादांनी सायकल काढली. दिलेला शब्द परत मागायचा म्हणजे त्यांना मरणाइतकं अवघड, पण दुपारपर्यंत ते मागून आले. जेवताना एवढंच म्हणाले, "काट्यावर दुसऱ्याला घ्या म्हनलं."

माझी मात्र सुटका नव्हती. सव्वा महिना व्हायचा होता. पोत्याचे बोळे तसेच, शेगडी तशीच. पण संध्याकाळी परसात बांबू पडायचा, खाडकन, तेवढा फडक्यातूनही ऐकू यायचा. मग दादांचा आवाज, "थांब, मी ठिवतो."