एजंटचे फोन मला आले होते

ही गोष्ट सांगायचं मी वीस वर्षं टाळलं. बायकोला सांगितली नाही, ती गेली. जिची ही गोष्ट, त्या मुलीच्या वडिलांना सांगितली नाही, तेही गेले. आता मी त्र्याऐंशीचा आहे. त्या प्रकरणात एजंट खोटा नव्हता आणि वडिलांनी मुलीला अडवलं नव्हतं, एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहितो.

शतक बदलून चार-पाच वर्षं झाली होती. कौन्सिलच्या हाउसिंग विभागातून निवृत्त होऊन मी लंडनच्या पिनर भागात राहत होतो. आमच्या मराठी मंडळींत लग्नाच्या बैठकीत बसणारा माणूस अशी माझी ओळख होती. कुणाच्या मुलीचं जमत आलं की मला बोलावणं यायचं. पहिल्या भेटीत होकार द्यायचा नाही, उतावीळ दिसायचं नाही, समोरच्यांचा दुसरा फोन येऊ द्यायचा, ही माझी पद्धत. त्या पद्धतीने सहा-सात लग्नं नीट पार पडली होती आणि मला त्याचा अभिमान होता.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक नागपूरकडचं कुटुंब राहायचं. वडील वेम्बलीच्या बाजूला बस डेपोत शिफ्टवर, आई केमिस्टच्या दुकानात. एकुलती मुलगी सतरा वर्षांची, सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीला. बाप आणि मुलगी दोघंही मला काकाच म्हणत. मुलगी कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये मिडफिल्डला खेळायची. मी एकदाच मॅच बघितली. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, पण चेंडू तिच्याकडे आला की बाकीच्या मुली तिच्याकडे बघून धावायला लागत, हे दिसलं.

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांना इथले कॉलेजचे खेळाडू मिळवून देणारे एजंट त्या काळात दिसू लागले होते. ते मॅच बघत, खेळाडूची टेप तिकडच्या कोचना पाठवत आणि कुठे जावं, कुठल्या कागदावर सही करू नये, हे घरच्यांना समजावून सांगत. तसा एक जण कॉलेजच्या कोचमार्फत या घरी येणार होता. वडिलांनी मला बोलावलं.

"काका, बोलायचं तुम्हीच. मी काहीतरी भलतंच कबूल करून बसेन."

आईने पोहे केले होते, चांगल्या बश्या बाहेर काढल्या होत्या. मुलगी दारातच थबकली.

"ममी, हा माझा लग्न नाहीये!"

"तसंच समज," मी म्हणालो.

"मग नवरा कोण? तो?"

एजंट पन्नाशीचा, टक्कल पडलेला, ट्रॅकसूटमधला माणूस होता. आम्ही सगळे हसलो. तो काही न कळताही हसला आणि त्याने पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले.

मग त्याने सांगितलं. तिकडच्या एका कोचला टेप आवडली होती. मिडफिल्डची एकच जागा होती. शिक्षण, राहणं, सगळा खर्च ते करणार होते. अभ्यास कसा सांभाळतात, दुखापत झाली तर काय, हे त्याने न विचारता सांगितलं. अडचणीही लपवल्या नाहीत. मग तो मुलीकडे वळला.

"या सद्गृहस्थांना नाही, तुला विचारतोय. तुला जायचंय?"

"यस," ती म्हणाली. एका क्षणात.

मी हात पुढे केला. "आम्ही विचार करून कळवतो." वडील शिफ्टवर असतात म्हणून नंबर माझा दिला आणि त्याचं कार्ड माझ्या खिशात ठेवलं. बोलणी एकाच तोंडाने व्हावीत, अशी आमची रीत होती.

सोमवारी त्याचा फोन आला. घरचे विचार करताहेत, असं मी सांगितलं. घरच्यांना मी काहीच विचारलं नव्हतं. त्यांचा होकार मला माहीत होता. बुधवारी तो म्हणाला, स्कॉटलंडमधली आणखी एक मुलगी कोचच्या नजरेत आहे, शुक्रवारपर्यंत उत्तर हवं. मला हसू आलं. दुसरं एक चांगलं स्थळ सांगून आलंय, हे वाक्य मी प्रत्येक मुलाकडच्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि ते दरवेळी दबावापुरतं असायचं. शुक्रवारी फोन वाजला तेव्हा मी घरातच होतो. आन्सरिंग मशीनवर त्याचा आवाज ऐकत उभा राहिलो. फोन उचलला नाही.

मंगळवारी होकार द्यायला म्हणून मीच त्याला फोन केला. जागा गेली होती. तो चिडला नाही.

"शुक्रवारचं तुम्ही घरी सांगितलं होतं ना?" एवढंच त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात वडील दारात आले. "काका, त्या माणसाचं काय झालं?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "मला तो बरा वाटला नाही. चौकशी केली. असे लोक नंतर गायब होतात." त्यांनी माझे आभार मानले. पुढे मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी ते चार जणांना सांगितलं, आणि आणखी एका घराने त्या एजंटला दारातूनच परत पाठवलं.

मुलीला मात्र कॉलेजच्या कोचकडून वेगळंच कळलं होतं: तुमच्या घरून उत्तरच आलं नाही. वडील म्हणत होते एजंट भामटा आहे. तिने दोन्ही जुळवलं आणि वडिलांनीच नकार देऊन वर खोटी सबब सांगितली, असं ठरवलं. भांडण झालं नाही. ती वडिलांशी कामापुरतं बोलू लागली, एवढंच. दूरच्या गावी शिकायला गेली ती सणालाही क्वचितच यायची. "पोरगी कशाने रागावली तेच कळत नाही हो," असं वडील मला अनेकदा म्हणाले. मी दरवेळी म्हणायचो, वयच तसं असतं. ते तीन वर्षांपूर्वी गेले, तोवर ती पस्तिशीच्या घरात पोचली होती.

ती आता ऑप्टिशियन आहे, हॅरोला. माझे डोळे तीच तपासते. मागच्या वेळी दिवा बंद करून, माझ्या डोळ्यांसमोरची काच बदलता बदलता तिने विचारलं, "काका, एक विचारू? डॅडला मी अमेरिकेला गेलेली नको होती ना? खरा सांगा. आता मी नाही रागावणार."

"तुझ्या वडिलांचा तुझ्यावर फार जीव होता," मी म्हणालो.

"ते माहितेय," ती म्हणाली, आणि पुढची काच लावली.

मला म्हणायचं होतं: त्यांना काहीच माहीत नव्हतं. फोन मला आले होते. तुझा होकार मी दाबून ठेवला आणि दोष त्यांच्यावर जाऊ दिला. मला माफ कर.