फोटोत फक्त हात

दोन हजार पाचच्या सुमारास टोकियोतल्या हिगाशी-कसाईत पुण्या-मुंबईचे इतके सॉफ्टवेअरवाले येऊन पडले होते, की काही इमारतींच्या लिफ्टमध्ये जपानी माणूस दिसला तर तोच पाहुणा वाटायचा. बायको अजून व्हिसाची वाट बघत पुण्यात, आणि नवरा इथे कोंबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, थंड भाताच्या गोळ्यांवर, अशी कितीतरी मंडळी होती. त्यांच्या पोटाची काळजी सिंधू वाहायची. तिचा नवरा नंदकिशोर एका बँकेच्या प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्टने आलेला, मुलगी अनघा जपानी शाळेत. न कळणाऱ्या टीव्हीसमोर बसून कंटाळलेल्या सिंधूने आधी एकाला डबा दिला, मग त्याच्या मित्राला, आणि बघता बघता तिच्या दोन शेगड्यांना सकाळी उसंत मिळेना. यात नंदकिशोरचा वाटा म्हणाल तर चव बघण्याचा. तो मात्र त्याने कधी चुकवला नाही.

सिंधूच्या डोक्यात मोठा बेत होता. स्टेशनजवळ एक छोटी जागा, चार टेबलं, आणि पाटीवर स्वतःचं नाव. आयुष्यभर कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बायको म्हणून ओळखल्या गेलेल्या बाईला स्वतःचं नाव पाटीवर बघायचं होतं. त्यासाठी आधी जपानी गिऱ्हाईक हवं, म्हणजे पत्रक हवं, आणि पत्रक म्हणजे फोटो. इथे हॉटेलाबाहेर काचेत प्लास्टिकचं जेवण मांडतात आणि आत ताटात अगदी तेच येतं. भाजीच्या दुकानात काकडीच्या पिशवीवरसुद्धा ती पिकवणाऱ्या आजोबांचा फोटो असतो. थालीपिठावर जीव असलेल्या शेजारच्या ओगावा-सान तर बजावून गेल्या होत्या, "सिंधू-सान, फेस. युअर फेस, गुड."

फोटो काढायला विभा होती. नंदकिशोरचा टीम लीड शिरीष, त्याची ही बायको. खालच्याच मजल्यावर राहायची आणि गळ्यात नवाकोरा डिजिटल कॅमेरा अडकवून "सिंधूताई, चहा टाका" म्हणत दिवसातून दोनदा वर यायची. सिंधूला सख्खी बहीण नव्हती. ती उणीव विभाने भरून काढली असं ती फोनवर आईला सांगायची.

"हे बघा ताई," विभा म्हणाली, "एक तर नुसत्या डिशचे काढू, पांढऱ्या बॅकग्राउंडवर. क्लीन दिसतात, पण कॅटलॉगसारखे. नाहीतर तुमचा पोर्ट्रेट, किचनमध्ये. किंवा प्रोसेस शॉट्स, म्हणजे करतानाचे. बिझनेस छोटा असला की लोकांना माणूस बघायचा असतो."

"माझा चेहरा? छे! घरच्या बाईचा फोटो पत्रकावर? घरोघरच्या टपालपेटीत जाणार तो. ह्यांच्या ऑफिसातले लोक काय म्हणतील?"

"बरोबर आहे," नंदकिशोर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

"मग हातच घेऊ," विभा म्हणाली. "चेहरा नको. हात जास्त बोलतात."

सिंधूला ते फार पटलं. मर्यादाही राहिली आणि फोटोही झाला! आपल्याकडे बाईने मागे राहिलं की तिला शहाणी म्हणतात, आणि ह्या शहाणपणाचं काय होतं ते सांगायला मात्र कुणी येत नाही. खिडकीशी चांगला उजेड होता. ओल्या फडक्यावर थालीपीठ थापताना, बोटाने भोकं पाडताना, पोळीला तेल-पीठ लावून घडी घालताना विभाने फोटोंवर फोटो काढले, मनगटावरच्या कुकरच्या वाफेच्या डागासकट. मध्येच विचारायची, "भाजणीत धणे कधी घालता?" सिंधू सांगायची. बहिणीपासून काय लपवायचं?

पत्रकं छापून आली. टपालपेट्यांतून टाकली. दोन जपानी बायका विचारायलाही आल्या. सिंधू हवेत होती.

आणि एका दुपारी मुळा-कोथिंबीर घेऊन येताना ती स्टेशनजवळ थबकली. जी जागा तिने मनात धरली होती, तिच्या काचेवर भलं मोठं पोस्टर लागलं होतं. 'विभाज किचन. आईच्या हातची चव.' वर ॲप्रन घातलेली विभा, गोड हसत. खाली ओल्या फडक्यावर थालीपीठ, आणि त्यात भोक पाडणारं बोट. मनगटावर कुकरच्या वाफेचा तो जुना डाग. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हात सिंधूचे होते. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला चेहरा आणि हात एकाच बाईचे वाटणार होते, आणि वाटावेत म्हणूनच ते तसे लावले होते.

ती तशीच पिशवीसकट विभाच्या दारात गेली.

"अय्या, बघितलंत? सरप्राइज देणार होते," विभा म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच मोकळा होता. "हॉटेलातले शिरीषचे पार्टनर म्हणाले, हातांचा शॉट हाच बेस्ट. फोटो मीच काढलेत ना ताई? आणि तुमचा चेहरा तर कुठेच नाहीये."

"पण विचारायचंस तरी, विभा!"

"विचारलं की. नंदकिशोरना विचारलं. ते बोलले नाहीत?"

सिंधू जिना चढून वर आली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्या विभावरचा संताप तिला सोसवत होता. संतापाला निदान धरायला जागा होती. नंदकिशोरचं काय करायचं ते तिला कळेना.

तो आल्यावर तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, "अहो, तुम्ही हो म्हणालात?"

त्याने आधी पाणी संपवलं. "अगं, शिरीषच्या शब्दावर माझ्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल आहे. नाही कसं म्हणणार? आणि हातच तर आहेत. त्याने काय बिघडतं?"

"मला एकदा विचारायचं तरी."

"तू नाहीच म्हणाली असतीस."

हे मात्र खरं होतं. त्याला ते पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्याने विचारलं नव्हतं. परक्याने पाठीत वार केला तर माणूस घरी येऊन रडतं. सिंधू घरातच उभी होती.

नंदकिशोरने बूट काढून कोपऱ्यात नीट लावले. उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा दाराशीच होता. त्याने तो उचलून बघितला आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "ही आता वाटू नकोस हं. तोच फोटो बघून लोकांना वाटेल, तू त्यांचा चोरलास. बांधून ठेव, उद्या कागदाच्या कचऱ्याचा दिवस आहे."