दादाची ड्यू डेट

माझ्या मावसभावाने गेल्या दहा-बारा वर्षांत एकही वस्तू नुसती विकत घेतलेली नाही. तुम्ही-आम्ही दुकानात जातो, हवं ते घेतो, पैसे देतो आणि घरी येतो. दादाच्या लेखी हा निव्वळ अडाणीपणा. त्याच्या खरेदीत आधी येतं कार्ड, मग त्या कार्डावरची ऑफर, मग आज वार कोणता ते, आणि सगळ्यात शेवटी, सवड झालीच तर, वस्तू. एकदा फरीदाबादला त्याच्या घरी मी कढी करायला घेतली आणि "दादा, दही संपलंय रे" एवढंच म्हणाले. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून विचारलं, "आज आमटी चालेल का? उद्यापासून नवं बिल सुरू होतंय." दही उद्या आणलं की त्याचे पैसे पन्नास दिवसांनी द्यावे लागतात म्हणे. त्या दिवशी आम्ही आमटी खाल्ली.

त्याची कार्डं एकूण अकरा. ती तो चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवतो, त्यामुळे चष्मा बिचारा खिशात किल्ल्यांबरोबर घासत असतो. प्रत्येक कार्डावर त्याने मराठीत चिठ्ठी चिकटवलेली आहे: किराणा, पेट्रोल, औषधं, वीजबिल, विमान. पेट्रोलच्या कार्डावर एक टक्का अधिभार माफ होतो म्हणून तो फरीदाबादहून नोएडाच्या कुठल्याशा पंपावर जातो. जाता-येता जळणाऱ्या पेट्रोलचा विषय काढला की म्हणतो, "त्यावर पण पॉइंट मिळतात ना!" एका कार्डाची वार्षिक फी पाचशे रुपये, पण वर्षभरात ठरावीक खर्च केला तर ती माफ. तो आकडा गाठायला आठ हजार कमी पडले, तर या गृहस्थाने मार्चअखेरीला तीन प्रेशर कुकर आणले. पाचशे वाचवायला आठ हजार! पुढची दोन वर्षं दिल्लीतल्या समस्त मराठी मंडळींच्या लग्नामुंजीत दादाकडून कुकर गेला. मुंजीत कुकर बघून बटूची आजी काय म्हणाली ते मी इथे लिहीत नाही.

माझ्या मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला करोल बागेत गेलो, तेव्हा त्याला बरोबर न्यायची दुर्बुद्धी मला झाली. दोन तास खपून साड्या पसंत केल्या. बिलाची वेळ आली तशी दादाने डबी उघडली आणि हुकूम सोडला, "इसको तीन हिस्सों में काटिए." एका कार्डावर दहा हजारांपर्यंतच कॅशबॅक, दुसऱ्यावर फक्त कपड्यांवर पाचपट पॉइंट, तिसऱ्याचं मला आजतागायत कळलेलं नाही. दुकानदार शांतपणे म्हणाला, "भाईसाब, कार्ड पे दो परसेंट एक्स्ट्रा लगेगा." झालं! दादाने त्याला बँकेचे नियम पाठ म्हणून दाखवले. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. शेवटी दुकानदार माझ्याकडे वळून म्हणाला, "बहनजी, आप दो परसेंट रहने दो, बस इनको ले जाओ." दादा बाहेर येऊन विजयी मुद्रेने म्हणाला, "बघितलंस? बोलायला लागतं." मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं.

माझ्या आईला, म्हणजे त्याच्या मावशीला, तो नवी दिल्ली स्टेशनवर सोडायला गेला होता, ती आणखी एक कथा. त्याच्या एका कार्डावर स्टेशनच्या लाउंजमध्ये दोन रुपयांत जेवण मिळतं. गाडी संध्याकाळची, हा तिला सकाळी अकरालाच घेऊन गेला. नाश्ता संपता संपता पोचले, तो खाल्ला. मग जेवण लागलं, तेही खाल्लं. "मावशी, अजून एक पुरी घे गं, दोनच रुपये आहेत," असं म्हणत त्याने माझ्या सत्तर वर्षांच्या आईला इतकं खाऊ घातलं की नाशिकपर्यंत ती माउली ओवा चघळत गेली. आणि दर भाऊबीजेला हा मला ओवाळणी काय घालतो, तर पॉइंटांवर आलेलं व्हाउचर! चार हजारांच्या खरेदीवर पाचशेची सूट, तीही एकतीस तारखेच्या आत. "अरे, ओवाळणीला कुठे अटी लागू असतात का?" असं मी दरवर्षी ओरडायची आणि तो दरवर्षी शांतपणे, "वाचून बघ, यंदा तीन महिन्यांची मुदत आहे," म्हणायचा. मी ती व्हाउचरं ड्रॉवरमध्ये फेकून द्यायची. मी मात्र एकदा माझ्या साध्या कार्डाचे पॉइंट देऊन टोस्टर घेतला, तर महिनाभर त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. "बँकेच्या पोर्टलवर पॉइंट उडवणं म्हणजे साजूक तुपाने बूट पॉलिश करणं," हे त्याचं वाक्य मी सगळ्या नातेवाइकांना ऐकवलेलं आहे. शहाणा माणूस म्हणे पॉइंट विमान कंपनीकडे वळवतो, तेही बोनस असेल तेव्हाच.

या सगळ्याचं केंद्र म्हणजे ते भिंतीवरचं कॅलेंडर. बिल निघण्याच्या तारखेला लाल गोल, पैसे भरायच्या ड्यू डेटला निळा गोल. अकरा कार्डांचे मिळून बावीस गोल दर महिन्याला. वहिनी त्याच कॅलेंडरवर उपासतापास, दूधवाल्याचे खाडे असं सगळं बघायच्या. एकदा मंगळवारी लाल गोल दिसला म्हणून त्यांनी अंगारकी समजून कडकडीत उपास धरला, एकवीस मोदक केले आणि संध्याकाळी चंद्रोदय किती वाजता म्हणून बघायला गेल्या, तर चतुर्थी तीन दिवसांवर होती! ते बँकेचं बिल होतं. "तरी मी म्हटलं, आज मोदक कसे?" दादा म्हणाला. तोपर्यंत त्याचे सात खाऊन झाले होते. वहिनी हसल्या. त्या नेहमी हसायच्या, म्हणूनच तर तो इतका शेफारला, असं माझं स्पष्ट मत होतं.

पण एका गोष्टीवर त्या हसत नसत. त्यांची एकुलती एक लेक मनू, दिल्लीतच वाढलेली, आता टोरांटोला असते. ती गरोदर होती, आणि तिच्याजवळ बाळंतपणाला वेळेत पोचायचं, एवढा एकच ध्यास वहिनींनी घेतला होता. व्हिसा आला, बॅग भरून झाली, डिंकाचे लाडू झाले. अडलं होतं फक्त तिकीट. दादाने सात वर्षं एका कार्डाचे पॉइंट न मोडता साठवले होते आणि त्यातून वहिनींना विमानात पुढच्या वर्गात, आडवी होणाऱ्या खुर्चीवर न्यायचं, असं त्याचं ठरलेलं होतं. लग्नानंतर तो वहिनींना घेऊन भुसावळहून दिल्लीला आला, तेव्हा रिझर्वेशन नव्हतं. संडासाजवळ ट्रंकेवर बसून, निम्मा वेळ उभ्याने, ती नवी नवरी दिल्लीत आली. तेव्हा त्याने म्हटलं होतं, "एक दिवस तुला झोपवून नेईन." ही गोष्ट मला वहिनींनी सांगितली. तो स्वतः कधी बोलला नाही. तो फक्त म्हणायचा, "थांबा जरा. पंधरा तारखेला ट्रान्सफरवर बोनस येतोय. वीसचं तिकीट काढू. मनूची तारीख अठ्ठावीस आहे, घाई काय आहे?"

गणपती होऊन गेले होते. महिन्याच्या दोन तारखेला, रविवारी, मी फरीदाबादला गेले. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी सहज कॅलेंडरकडे बघितलं, तर दहा तारखेला ताजा निळा गोल आणि त्यात लिहिलेलं: 'मनू, ड्यू डेट'.

"दादा, हे काय रे?"

"ते होय? काल मनूचा फोन आला होता. तिच्या कार्डाची ड्यू डेट बदलली म्हणे. दहा तारीख केली. माझ्या खात्यावर तिला दिलेलं जोडकार्ड आहे ना, त्याची."

"नक्की काय म्हणाली ती?"

"म्हणाली, बाबा, माझी ड्यू डेट प्रीपोन झालीये, टेन्थ आहे आता, आईला सांगाल ना? मी म्हटलं, आईला कशाला त्रास? मी भरतो, तू बिल्कुल काळजी करू नकोस, दंड लागू देणार नाही. तर हसायला लागली. म्हणाली, बाबा, यार, तुम्ही पण ना! आणि ठेवला फोन."

 "अरे मूर्खा," मी ओरडलेच, मोठा भाऊ वगैरे काही आठवलं नाही, "कार्डाची कसली आलीये ड्यू डेट? डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख अलीकडे आणलीये, तिचे दिवस भरत आलेत! तू काय भरणार आहेस?"

पोरीला 'दिवस भरले' हे शब्दच माहीत नाहीत, त्यात तिचा तरी काय दोष. तिची ड्यू डेट एक, बापाची एक.  आतून वहिनी बाहेर आल्या. हाताला कणीक तशीच. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं, दहा तारखेवरून बोट मागे आणत आणत दोनवर टेकवलं, कणकेचा ठिपका उमटला तिथे. आठ दिवस. मग त्या भरलेल्या बॅगेवर जाऊन बसल्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्या दादाला एवढंच म्हणाल्या, "अहो, मला नाही झोपून जायचं. मी उभ्याने जाईन."

त्या क्षणी मला दादाचा असा संताप आला की त्या अकराही कार्डांचे कात्रीने तुकडे करावेत. तो कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. विमान कंपनीकडे पॉइंटांवरची एकही जागा नव्हती, पंधरा तारखेपर्यंत तर नाहीच. मी मागे उभी होते. "इकॉनॉमीचं काढ, पैसे मी देते," मी म्हणाले. त्याने मान हलवली आणि बँकेचं पोर्टल उघडलं. तेच, साजूक तुपाने बूट पॉलिश करायचं. तिथे परवाच्या विमानात पुढच्या वर्गात एक जागा होती. सात वर्षांचे पॉइंट, एकूण एक, त्याने त्या एका जागेला लावले. बटण दाबलं आणि वरचा आकडा शून्य झाला.

माझा राग अजून पुरता उतरला नव्हता. मी मुद्दाम विचारलं, "पॉइंटाला रेट काय मिळाला?"

"बघितला नाही," तो म्हणाला.

टोस्टरचा विषय काढायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. नाही काढला.

विमानतळावर तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. जगातल्या निम्म्या लाउंजांची कार्डं जवळ असलेला माझा भाऊ काचेबाहेर उभा होता. वहिनींच्या नावाचं दुसरं जोडकार्ड त्यांच्या हातात देत तो म्हणाला, "हे दाखव, आत फुकट आहे सगळं. पोटभर खा." वहिनी ट्रॉली ढकलत आत गेल्या, वळून हात केला आणि दिसेनाशा झाल्या. दादा तरी तिथेच. मी म्हटलं, "चल आता." तर म्हणाला, "थांब, ती लाउंजमध्ये पोचल्याचा मेसेज येतो बँकेचा." आला तो मेसेज. मग निघालो.

वहिनी वेळेत पोचल्या. नऊ तारखेला नात झाली, ड्यू डेटच्या एक दिवस आधी. दादाच्या घराण्यात ड्यू डेट चुकवायची पद्धत नाही. फोनवर वहिनी मला म्हणाल्या, "खुर्ची आडवी होते हो खरंच. पण मी बसूनच आले. मनूच्या काळजीने डोळ्याला डोळा लागला नाही. त्यांना नका सांगू. त्यांना मी छान झोपले म्हणून सांगितलंय."

वहिनी सहा महिन्यांसाठी तिकडे. म्हणून यंदा भाऊबीजेला मीच फरीदाबादला गेले. घर आवरलेलं होतं, पण नको इतकं शांत. कॅलेंडरवर एकही गोल नव्हता. दही होतं फ्रिजमध्ये, नुसतं विकत आणलेलं. त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं. त्याने खिशात हात घातला आणि ताटात पाचशेची कोरी नोट ठेवली. व्हाउचर नाही, मुदत नाही, अट नाही. इतकी वर्षं मी ज्यासाठी ओरडत होते, ती साधीसुधी ओवाळणी.

"पॉइंट संपले गं," तो ओशाळून म्हणाला. "आता या वयात पुन्हा कुठे साठवत बसू? यंदा एवढंच."

काय सांगू, मला ती नोट बघवेना. ड्रॉवरमधली ती सगळी मुदत संपलेली व्हाउचरं आठवली. एकही मी वापरलं नव्हतं, आणि एकही टाकलं नव्हतं. मी म्हणाले, "दादा, माझ्या त्या साध्या कार्डाची फी वाढवलीये रे बँकेने. ठेवू का बंद करू? मला त्यातलं काही कळत नाही."

 तो पाटावर सावरून बसला, खिशातून ओरखडे पडलेला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि चष्म्याची डबी उघडून मांडीवर घेतली.

"बंद कशाला? आधी मला सांग," तो म्हणाला, "महिन्याचा किराणा कुठून घेतेस? आणि कुठल्या वारी?"

निरांजन तसंच तेवत होतं. ओवाळणीचं ताट हातात धरून मी त्याला सांगायला लागले.