डावीकडून येणाऱ्या गाड्या

दोन हजार सालानंतर कधीतरी भावाने नांदेडहून एक जुना कॉम्प्युटर आणला. अभ्यासासाठी. आमच्या वसमतमधला प्रत्येक कॉम्प्युटर तेव्हा अभ्यासासाठीच आलेला असायचा आणि त्याच्यासोबत गेमच्या सीड्यांची एक पिशवीही यायची. भाऊ क्लासला गेला की मी ती पिशवी उपसायची. मी बी.ए.ला होते, म्हणजे वेळच वेळ होता.

पहिला गेम शेतीचा निघाला. बी टाका, झारीने पाणी घाला, चार दिवसांत मुळ्याचं पीक तयार. संध्याकाळी व्यापारी स्वतः येऊन माल उचलायचा, भाव ठरलेला, घासाघीस नाही. आमच्याकडे हळद नऊ महिने जमिनीत बसते, मग ती उकडा, वाळवा, घोळा, आणि एवढं करून मोंढ्यातला खरेदीदार ती चिमटीत धरून नाक मुरडतो. गेम बनवणाऱ्याने आयुष्यात ढेकूळ पाहिलं नसावं, पण असा व्यापारी खरंच असता तर त्याला जावई करून घ्यायला अख्खा तालुका रांगेत उभा राहिला असता.

दुसरा बंदुकीचा. अंगाची चाळण झालेला शिपाई औषधाच्या पेटीवरून नुसता चालत गेला की ठणठणीत. मला साधी सर्दी झाली तरी आई आठवडाभर काढा पाजायची. तो गेम मला मुळीच पटला नाही.

मग शहर वसवायचा एक. मी हौसेने रस्ते काढले, शाळा बांधली, बाग केली आणि पाण्याचे पाइप टाकायला विसरले. झालं, लोक सामान बांधून निघाले! इतकी नाजूक माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. आमच्या गल्लीत नळाला कधी पाणी येईल ते देवालाही माहीत नसायचं, तरी कोणी उठून गेलं नव्हतं, उलट भाडेकरू वाढतच होते. मी त्या नाजूक मंडळींना पाणी दिलं, दिवे दिले, दवाखाना दिला, आणि शहर जरा बाळसं धरतंय तोच लाइट गेली. त्यांची नाही, आमची. पुन्हा लाइट आली तेव्हा शहराच्या जागी मोकळं माळरान होतं.

गाड्यांच्या शर्यतीचा गेम मी लावला तेव्हा बाबा घरी होते. बाबा एसटीवर ड्रायव्हर, वसमतहून बाळापूरला जाणारी गाडी त्यांच्याकडे असायची. पाठीमागे उभं राहून त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हॉर्न कुठं हाय याला?"

हॉर्न नव्हता. बाबांच्या मते विषय तिथेच संपायला हवा होता, पण ते खुर्चीत बसले. पाठ ताठ, नजर समोर. बाकीच्या गाड्या सुसाट सुटल्या. बाबा चाळीसच्या स्पीडने निघाले, वळणावर हळू झाले आणि समोरून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळले. रस्ता परदेशातला, तिथे सगळे उजव्या बाजूने चालवतात. बाबांनी डावी बाजू सोडली नाही.

"चूक त्याची हाय. मी माझ्या बाजूनं येऊन राहिलो," ते पडद्यावरच्या गाडीला म्हणाले.

असे बरेच अपघात झाले आणि सगळ्यांत चूक त्याचीच होती. गेमने बाबांना आठपैकी आठवा नंबर दिला. बाबांचं म्हणणं, वरच्या सातही जणांना निलंबित करायला पाहिजे. मी हसून हसून बेजार.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून मुद्दाम दुसरा गेम शोधला. त्यात सगळे आपल्यासारखे डावीकडून चालत होते. "बाबा, हा बराबर हाय, बसा."

बाबा खूश झाले. गाडी छान चालवू लागले. चौकात उजवीकडून एक गाडी आली, तिला थांबून वाट दिली. पुढच्या चौकात डावीकडून ट्रक आला आणि बाबा सरळ त्याच्यात घुसले. मी हसले. पुन्हा सुरू केलं. उजवीकडच्याला वाट, डावीकडच्याला धडक. पुन्हा तसंच. आता दोष द्यायला परदेशी रस्ता नव्हता. माझं हसू थांबलं.

"बाबा, ट्रक दिसला न्हाई का?"

"कोणता ट्रक?"

ते बहाणा करत नव्हते, खरंच विचारत होते. पुढच्या खेपेला ट्रक येताच मी गेम थांबवला. पडद्याच्या डाव्या कडेला तो तसाच उभा राहिला, चांगला लालभडक. बाबांनी अख्खी मान डावीकडे वळवली, तेव्हा त्यांना तो सापडला.

"ह्यो आत्ता आला."

"न्हाई बाबा. मघापासून उभा हाय."

मला भीती वाटली. सकाळी त्यांच्या गाडीत कॉलेजची पोरं असणार, बाजाराच्या बाया असणार, मांडीवर लेकरं घेतलेल्या आया असणार. आणि आमचं घर त्याच एका नोकरीवर चाललेलं. स्वयंपाकघरातून आईने चहाला हाक मारली. आम्ही दोघंही उठलो नाही.

बाबांनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. बराच वेळ असंच चाललं. मग हात खाली घेऊन म्हणाले, "उद्याची गाडी मी नेत न्हाई. डेपोत जाऊन सांगतो, डोळे तपासा म्हणून."

मी मान हलवली.

"सोमवारी बाळापूरच्या बाजारापाशी एक म्हातारा सायकलवर आल्ता," ते ट्रककडे बघत म्हणाले. "डाव्या अंगानं. थोडक्यात वाचला. मी खाली उतरून लई बोललो त्याला, चार लोकांत. आंधळा हायेस काय म्हणलं. त्यानं हात जोडले, पोरी. चुकलं सायेब, म्हणला."