एलिव्हेशन आणि मागलं दार

रत्नागिरीत फ्लॅट हा शब्द नवा होता तेव्हाची, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बाबांच्या कचेरीतल्या मंडळींनी सोसायटी काढली आणि एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर चार मजली इमारत बांधायची ठरवली. आर्किटेक्ट मुंबईचा. त्यानं नकाशा दाखवला, तो सर्वांना आवडला. मग खर्चाचा अंदाज दाखवला आणि सगळे पंख्याकडे बघू लागले.

काहीतरी कापणं भाग होतं. नकाशात रस्त्याच्या बाजूला गोल बाल्कन्या होत्या आणि मागे प्रत्येक स्वयंपाकघराला छोटी गॅलरी, जिन्याकडे उघडणारं वेगळं दार. दोन्ही परवडत नव्हतं. ही बैठक आमच्या भाड्याच्या घरातच झाली. इमारतीला एलिव्हेशन, म्हणजे रस्त्यावरून दिसणारी देखणी दर्शनी बाजू हवी, असं आर्किटेक्ट म्हणाला. तो शब्द मंडळींनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला आणि पोह्यांच्या बशा रिकाम्या होईपर्यंत सर्वांच्या तोंडी रुळला. मागची बाजू कोण बघायला येतंय, असं बाबांनी विचारलं. चहा घेऊन आलेल्या आईनं विचारलं, मागलं दार नसलं तर मासळीवाली येणार कुठून? मंडळी हसली. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

कारण आईचा अख्खा दिवस मागीलदारी जायचा. मासळी तिथंच घ्यायची, तिथंच साफ करायची, शेजारणीशी सुखदुःखही तिथंच. पुढच्या ओटीवर बाबा आणि त्यांचे पाहुणे. तिथं ती चहापुरती यायची. मागल्या दाराशी बसलेली आई मोठ्यानं हसायची, हे बाबांना बहुधा ठाऊकच नव्हतं.

गॅलरी कापली गेली. आम्ही राहायला गेलो तेव्हा घराला दार एकच होतं आणि ते थेट हॉलमध्ये उघडत होतं. हॉलमध्ये पाहुणे असले की आई स्वयंपाकघरात कोंडल्यासारखी बसे. मासळीवालीला बाबा दारातूनच परत पाठवत. पण सुकट, आमसुलं, गोधड्या कुठंतरी वाळायलाच हव्यात! ते सारं गोल बाल्कन्यांत आलं, आमच्याच नव्हे, चारही मजल्यांवरच्या. दोन पावसाळ्यांत रंगावर शेवाळ चढलं. एवढा खर्च करून आम्ही गावाला आमची मागली बाजूच दाखवत होतो.

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी जिन्यात नोटीस लावली: दर्शनी बाजूस काहीही वाळत घालू नये. मग घरात येऊन आईला सुकट उचलायला सांगितली. आईनं ती मुकाट्यानं उचलली, सूप आत ठेवलं आणि हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"जुन्या घरात पुढलं दार तुमचं होतं, मागलं माझं. इथं एकच आहे. ते कोणाचं, एवढं सांगा."

बाबांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "तुझंच की."

नवऱ्यांनी असं काही म्हणायचं असतं, एवढंच त्यांच्या मनात असावं. आईनं ते खरं धरलं. पुढच्या रविवारी बाबांचे साहेब आले, तेव्हा ती दारातच विळी मांडून बांगडे साफ करत होती आणि मासळीवालीशी मोठ्यानं हसत होती. साहेब जिन्यात थबकले. बाबा खुर्चीतून उठले, आईकडे बघत राहिले आणि साहेबांना म्हणाले, "जरा थांबावं लागेल हां. तिचं आटपू दे."